बाक आणि बांक



मागच्या पालक सभेत एका आईने माझ्या डाव्या मनगटाकडे बघून विचारले, "सर, हा डाग कसला? पोळला का हात?" मी म्हटले, "वेल्डिंगचा आहे." त्या हसल्या. सरांनी विनोद केला असे त्यांना वाटले असावे. त्यानंतर आणखी चार-पाच जणांनी विचारले, आणि संपादक मंडळाने तर लेखच मागितला. म्हणून हा प्रपंच. माझे सगळे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, मराठी आली ती आईच्या तोंडून आणि आपल्या इंदूरच्या गल्लीतून. तेव्हा भाषेत काही उणे-अधिक झाले तर पोटात घालावे.

गोष्ट सुरू झाली शाळेच्या मागच्या व्हरांड्यात. तिथे मोडके बाक रचून ठेवलेले असतात हे सर्वांना ठाऊक आहे. मी मोजले तेव्हा २३ होते. लाकडी फळ्या बहुतेक चांगल्या होत्या. मोडले होते ते पाय. चौकोनी पाइपाचा सांधा सुटलेला, नाहीतर खालचा आडवा पट्टा निखळलेला. दुरुस्तीचा जो भाव आला तो ऐकून समिती गप्प झाली. दुसरा सल्ला आला की अटाल्यात देऊन टाका. त्या रात्री मला झोप आली नाही. कारण तसला एकेक सांधा माझे वडील चहा थंड होण्याच्या आत जोडून देत असत.

अण्णा इथल्या एका कापड गिरणीत फिटर होते. अनंत चतुर्दशीच्या झांक्या निघत, त्यांचे लोखंडी सांगाडे उभे करण्यात गिरणीतल्या इतर कारागिरांबरोबर तेही असत. रावणाची मान कशी फिरते आणि गरुडाचे पंख कसे हलतात, हे मला लहानपणापासून आतून माहीत होते. पुढे गिरणी बंद पडली. थकबाकी अडकली, ती त्यांच्या हयातीत मिळालीच नाही. अण्णांनी गल्लीच्या तोंडाशी एक मशीन टाकले आणि खिडक्यांच्या जाळ्या, फाटके जोडू लागले. मी तेव्हा कॉलेजात होतो. मित्र बरोबर असले की मी त्या तोंडाने न येता मागच्या बोळातून घरी यायचो. हे मी आजवर कुठे लिहिले नव्हते. आज लिहितो, कारण पुढचे सांगायचे तर हे सांगावेच लागेल.

तर मी ठरवले की बाक आपणच जोडायचे. घरामागे मोकळी जागा आहे, रविवार हातात आहे, आणि फिटरचा मुलगा आहे. सियागंजात जाऊन सामान आणले. पहिली चूक तिथेच झाली. सामान घेताना मी फक्त माझा विचार केला.

मशीनचे आधी सांगतो. अण्णांचे मशीन म्हणजे तेलात बुडवलेला ट्रान्सफॉर्मर, हलवायला दोन माणसे लागत. आता इन्व्हर्टर मशीन मिळते, वजन साधारण ५-६ किलो, शबनमसारखे खांद्याला अडकवून नेता येते. वर २०० अँपियर असे ठळक लिहिलेले असते. घरच्या कामाला तेवढे कधी लागत नाहीत. बघायचा असतो तो दुसरा आकडा, ड्यूटी सायकल. ६० टक्के लिहिले असेल तर त्या अँपियरवर १० मिनिटांत ६ मिनिटे काम आणि ४ मिनिटे विश्रांती. आपल्या तासिका आणि मधली सुट्टी यांचाच हिशेब. मशीनलाही सलग पिटता येत नाही, मग मुलांना कसे पिटावे?

रॉड घेताना गंमत झाली. दुकानात रॉड नंबरावर मिळतात. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर ३.१५, १२ नंबर २.५ आणि १४ नंबर २ मिलिमीटर. नंबर वाढला की रॉड बारीक होतो. मी दहा नंबरचे पुडके घेऊन आलो. वाटले, जाड तेवढा मजबूत. बाकाचा पाइप १६ गेजचा, म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर जाडीचा. त्यावर मी तो रॉड टेकवला आणि सांधा जुळण्याऐवजी पाइपाला बोट जाईल एवढे भोक पडले. पातळ पत्र्याला १४ नंबर आणि ४० ते ६० अँपियर, थोडे जाड असेल तर १२ नंबर आणि ६० ते ९०, हे नंतर कळले. पुडक्यावर ६०१३ लिहिलेले असावे. घरगुती कामाला हाच रॉड सोयीचा, हात शिकाऊ असला तरी सांभाळून घेतो. आपल्या पावसाळ्यात पुडके उघडे टाकू नये, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. रॉडच्या मसाल्याला ओल लागली की सांध्यात बुडबुडे राहतात.

आता त्या पहिल्या रविवारचे.

मी डोक्याला ढाल चढवली, हातात चामड्याचे मोजे घातले आणि एका पडक्या स्टुलावर बाक ठेवून काम मांडले. सकाळी दहा ते साडेअकरा. दोनदा ढाल खाली घ्यायच्या आधीच ठिणगी पडली, पण तेवढ्याने काय होते, असे वाटले. शेजारच्या गच्चीवर त्यांचा मुलगा उभा होता. आपल्याच शाळेत सहावीत आहे. मी त्याला हात केला. त्याने मला हात केला. मनात म्हटले, बघू दे, सर हाताने काम करतात हे मुलांना दिसले पाहिजे. तो तासभर बघत होता.

रात्री नऊच्या सुमाराला माझ्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखे टोचू लागले. पाणी थांबेना, उजेड सोसेना. तेव्हाच दार वाजले. शेजारच्या वहिनी होत्या, कडेला मुलगा, दोन्ही हातांनी डोळे झाकून रडत. आम्ही तिघे एकाच रिक्षातून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर म्हणाले, आर्कच्या उजेडातले अतिनील किरण बुबुळाचा वरचा पडदा भाजतात. त्याच वेळी काही कळत नाही, सहा ते बारा तासांनी त्रास सुरू होतो. म्हणून माणूस बेसावध राहतो. नशिबाने हे बहुधा एक-दोन दिवसांत भरून येते. डोळे चोळायचे नाहीत, अंधारात पडून राहायचे. बधिर करणारे थेंब स्वतःच्या मनाने आणून तर मुळीच घालायचे नाहीत, त्यांनी जखम भरायची थांबते.

परत येताना रिक्षात वहिनी काही रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्या एवढेच म्हणाल्या, "सर, त्याला वाटलं, सरच करताहेत, म्हणजे बघायला काही हरकत नसेल."

ते वाक्य मी विसरू शकत नाही. रात्रभर डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून पडलो आणि मला अण्णा आठवले. मी सहा-सात वर्षांचा असताना त्यांच्याजवळ घोटाळायचो. रॉड टेकवण्यापूर्वी ते नेहमी एकच हाक द्यायचे, "डोळे!" की मी वळून भिंतीकडे तोंड करायचे आणि पाढे म्हणायचे. तेराचा पाढा संपेपर्यंत मागे बघायचे नाही. माझे पाढे पक्के झाले ते शाळेत नव्हे, अण्णांच्या मशीनमागच्या भिंतीपाशी. आणि मी, एवढ्या मुलांचा मुख्याध्यापक, नेमकी तीच हाक विसरलो होतो. ज्या बोळाने मी अण्णांना टाळायचो, त्याच बोळात त्यांचे शहाणपण सोडून आलो होतो.

दोन दिवसांनी दोघांचेही डोळे बरे झाले. मी मशीन माळ्यावर टाकायला निघालो होतो. तेवढ्यात एक माजी विद्यार्थी भेटायला आला. नववीत दोनदा अडकला, मग आयटीआयला गेला, आता सांवेर रोडवर त्याचे फॅब्रिकेशनचे शेड आहे. नववीत असताना मी त्याला वर्गात सगळ्यांदेखत म्हटले होते, "आयुष्यभर लोखंडच कापणार का?" मला वाटले, तो विसरला असेल. सगळे बघून झाल्यावर तो हळूच हसला आणि म्हणाला, "सर, लोखंडच कापतोय. आता तुम्हीपण बसा वर्गात. पहले परदा, फिर मशीन."

त्याने मला ज्या क्रमाने शिकवले त्याच क्रमाने खाली देतो. ज्यांच्या घरी असे काम करायचा विचार असेल त्यांनी खरेदीही याच क्रमाने करावी.

पहिला पडदा. जाड, न पेटणाऱ्या कापडाचा, काम करणाऱ्याच्या डोक्याच्या वर जाईल एवढा उंच. मी तीन बाजूंना पत्र्याचे आडोसे केले आणि चौथ्या बाजूला हा पडदा. गच्चीवरून दिसते का, हे स्वतः शेजाऱ्यांच्या गच्चीवर जाऊन पाहिले.

दुसरे डोळे. रॉडच्या वेल्डिंगला १० किंवा ११ नंबरची काळी काच लागते. उन्हाचा चष्मा किंवा गॅसकटिंगचा गॉगल चालत नाही. आपोआप काळी होणारी काच असलेली ढाल मिळते, नवशिक्याला ती फार सोयीची, कारण ढाल आधी की ठिणगी आधी हा घोटाळा उरत नाही. दुकानातच ढाल हातात लांब धरून काच उन्हाकडे करावी, लगेच काळी होते की नाही ते पाहावे. मदतनीस असेल तर ढाली दोन घ्याव्यात. एक ढाल घेणारा माणूस फक्त स्वतःचा विचार करतो.

तिसरे अंग. जाड सुती कपडे, पूर्ण बाह्या, चामड्याचा एप्रन, चामड्याचे बूट. टेरिलीनचा शर्ट ठिणगीने वितळून कातडीला चिकटतो. माझ्या मनगटावरचा डाग त्याचाच आहे. पँटचे पाय बुटात खोचू नयेत, बुटावरून सोडावेत, नाहीतर ठिणगी आत जाते आणि मग मुख्याध्यापक अंगणात नाचतात.

चौथी वीज. मशीनला वेगळी लाइन, वेगळा एमसीबी आणि खरी अर्थिंग. हे वायरमनकडूनच करून घ्यावे. काम थांबलेले असतानाही रॉड धरणाऱ्या होल्डरवर साधारण ६० ते ८० व्होल्ट उभे असतात. कोरड्या हाताला त्याचे काही वाटत नाही, पण घामाने भिजलेला मोजा आणि ओली फरशी असेल तर तेवढे पुरते. म्हणून पायाखाली रबरी मॅट, आणि पाऊस असेल त्या दिवशी सुट्टी.

पाचवा धूर. काम उघड्यावर करावे, धुराच्या वर तोंड नेऊ नये. जस्ताचा मुलामा असलेला पाइप तसाच जोडू नये, जस्ताच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो. आधी मुलामा घासून काढावा, तोंडाला योग्य मास्क लावावा. त्यापेक्षा साधा काळा पाइप घेतलेला बरा.

सहावी आग. ठिणग्या १० मीटरपर्यंतही उडत जातात. माझी स्कूटर तिथून हलली, वाळत घातलेले कपडे हलले, आणि वाळूची बादली आली. काम संपल्यावर निदान अर्धा तास तिथून उठायचे नाही, कुठे धुमसत तर नाही ते बघत बसायचे. आमच्या घरी आता त्या अर्ध्या तासाला चहा होतो.

हे सगळे झाल्यावर टेबल. टेबल लाकडाचे नको. त्याच्या सल्ल्याने मी ४ फूट बाय २ फूट, ८ मिलिमीटर जाड लोखंडी पत्रा घेतला. वजनाचा हिशेब आठवीच्या मुलांकडून करून घेतला. लोखंडाची घनता एका घन सेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम धरली तर पत्रा साधारण ४७ किलोचा भरतो. मुलांनी ४६.७ काढले, काट्यावर जवळपास तेवढेच भरले, आणि वर्गात टाळ्या पडल्या. १२ मिलिमीटरचा घेतला असता तर ७० किलो झाले असते, आणि उचलायला पालक सभा बोलवावी लागली असती. पाय जाड अँगलचे, उंची ३४ इंच, उभ्याने काम करताना कंबर वाकू नये इतकी. पत्रा चौकटीच्या बाहेर दोन-दोन इंच सोडला, कडेला सी-क्लॅम्प पकडता यावा म्हणून. वर रंग दिला नाही, कारण अर्थचा चिमटा टेबलाला लावला की वीज त्यातूनच वाहायची असते. टेबलाची पातळी पाण्याच्या नळीने तपासली. त्याच्या एका कोपऱ्यावर बसवला बांक.

या शब्दाने मला फार दिवसांनी हसवले. मराठीत बाक म्हणजे मुले बसतात तो. आपल्या इथल्या हिंदी कारागिरांचा बांक म्हणजे लोखंड आवळून धरणारा शिकंजा. अण्णा गिरणीतून येऊन म्हणायचे, "आज दिवसभर बांकपाशी होतो," आणि आईला वाटायचे, दिवसभर बसून होते. तसेच रेतीचे. आई वाळूला रेती म्हणायची, अण्णा कानशीला. एका घरात दोन भाषा, आणि दोन्ही खऱ्या.

टेबलाचे महत्त्व पहिल्या बाकानेच पटवले. सांधा गार होताना आकसतो आणि पाय आपल्याकडे ओढतो. स्टुलावर जोडलेला बाक त्यामुळेच तीन पायांवर उभा राहून डुलत होता. टेबलावर क्लॅम्प लावून आधी चारही कोपऱ्यांना छोटे टाके द्यायचे, मग दोन्ही कर्ण मोजायचे. कर्ण सारखे आले तर चौकट काटकोनात आहे, नाहीतर हातोडीने सरळ करायची. टाके एका बाजूने सरसकट भरत जायचे नाहीत, समोरासमोर आलटून पालटून भरायचे. आई गोधडी शिवताना हेच करायची. भूमितीचे प्रमेय मी वीस-पंचवीस वर्षे फळ्यावर सिद्ध केले, त्याच्यावर भरवसा ठेवून बसलो मात्र पहिल्यांदा त्या बाकावर.

एक सांगायचे राहिले, ग्राइंडरचे. वेल्डिंगपेक्षा मला आता त्याचीच जास्त भीती वाटते. ४ इंची ग्राइंडर मिनिटाला ११ हजारांच्या आसपास फेरे घेतो. चाकावर छापलेला वेग मशीनच्या वेगापेक्षा कमी नसावा, आणि वरचे लोखंडी कवच कोणी कितीही सांगितले तरी काढू नये. डोळ्यांवर चष्मा, कानाला बोळे. मोठे चाक बसावे म्हणून कवच काढलेला ग्राइंडर कुठल्याही बाजारात बघायला मिळतो. तिथून लांब उभे राहावे.

यंदा मांडूच्या सहलीला जाताना आम्ही धारला लाट मशिदीपाशी थांबलो. तिथे भोजकालीन समजल्या जाणाऱ्या लोखंडी स्तंभाचे तीन तुकडे ओट्यावर ठेवले आहेत. सगळे मिळून लांबी १३ मीटरच्या आसपास, वजन सुमारे ७ टन. मुलांना सांगितले की एवढा मोठा स्तंभ साच्यात ओतलेला नाही. लोखंडाचे गोळे तापवून, एकावर एक ठेवून, घणांनी ठोकून जोडलेला आहे. म्हणजे हेही वेल्डिंगच, विजेशिवायचे. शेजारचा तो सहावीतला मुलगा बराच वेळ स्तंभाभोवती फिरला. मग म्हणाला, "सर, हे बघायला चष्मा लागत नाही ना?" सगळे हसले, मीही हसलो, पण आत कुठेतरी टोचले.

२३ पैकी १९ बाक आज वर्गात आहेत. चार खरोखरच गेलेले होते, त्यांच्या फळ्या ग्रंथालयात लागल्या. शाळेतल्या कोणत्याही मुलाच्या हाती मी होल्डर किंवा ग्राइंडर देत नाही, देणारही नाही. मोजमाप, खुणा, कर्ण तपासणे, थंड झालेला सांधा ब्रशने साफ करणे आणि रंग देणे, एवढे मोठ्या वर्गातली मुले पडद्याबाहेर करतात. माझ्या त्या माजी विद्यार्थ्याला आम्ही गेल्या महिन्यात नववीच्या वर्गात बोलावले. त्याने फळ्यावर बाकाचा आराखडा काढला आणि मी शेवटच्या रांगेत बसलो. त्याचे झाल्यावर उठून मी वर्गासमोर सांगितले की या मुलाला मी याच खोलीत एक वाक्य बोललो होतो आणि ते चुकीचे होते. वर्गात बोललेले वाक्य वर्गातच मागे घेतले पाहिजे, असे मला वाटते.

पालकहो, तुमचा मुलगा किंवा मुलगी हाताचे काम करतो म्हणाली तर मागच्या बोळातून जाऊ नका. आणि घरी ठिणगी पाडायचीच असेल, तर आधी आजूबाजूच्या गच्च्या बघा.

रविवारी सकाळी आमच्या गल्लीत आता एक हाक ऐकू येते. मी रॉड टेकवण्यापूर्वी मोठ्याने म्हणतो, "डोळे!" पडद्यापलीकडून, गच्चीवरून उत्तर येते, "तेर एके तेर, तेर दुणे सव्वीस..." पाढा संपेपर्यंत मी एक टाका पुरा करतो.